अडलंय म्हणून सांगा

कारखान्याचा भोंगा झाला, की अजूनही माझं लक्ष आधी दाराकडं जातं. कुणीतरी येईल, उंबऱ्याबाहेर चपला काढेल आणि ‘तात्या हायेत का?’ म्हणून विचारेल, असं वाटत राहतं. तात्या म्हणजे माझे वडील. ते कारखान्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली, की त्यांना शोधत येणारी निम्मी माणसं आता हयात नाहीत. भोंगा मात्र तोच आहे, आणि माझी मान वळायची सवयही तीच.

ऊस गाळायचा हंगाम सुरू झाला, हे आमच्या कोऱ्हाळ्यात कुणाला सांगावं लागत नाही. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे बारीक कण बसायला लागतात. वारा फिरला की मळीचा आंबूस-गोड वास थेट स्वयंपाकघरात शिरतो. पहिले काही दिवस नको होतो, मग तो येतोय हेच कळेनासं होतं. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर कानठळ्या बसवणारी गाणी, वळणावर सांडलेला ऊस आणि त्याच्यावर टपलेल्या शेळ्या. कालव्याच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या, उसाच्या पाल्याच्या झोपड्या, उभ्या राहतात. सकाळी आठला सगळे फडात गेलेले असतात आणि कोप्यांपुढं नुसती राख आणि बांधलेलं वासरू असतं.

यंदा मी दिवाळीला आले ती राहिलेच. नवरा आणि मुलगी पुण्यात, मुलीची शाळा. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिलेली आणि तात्यांचे गुडघे बोलायला लागलेले, म्हणून म्हटलं, राहावं थोडे दिवस. माडीवरच्या खोलीत टेबल लावलं आहे. मीटिंग चालू असताना खालून ट्रॅक्टर गेला, की मी माईक बंद करते आणि ते गाणं वळणापलीकडं जाईपर्यंत नुसती मान हलवत बसते. समोरच्यांना वाटतं, बाई फार विचार करून बोलतात.

मी टेक्निकल प्रोग्राम मॅनेजर आहे. हे गावात सांगितलं, की समोरचा ‘बरं बरं’ म्हणतो आणि पोरं किती ते विचारतो. पुण्यातही फारसं वेगळं होत नाही. एकच मोठी गोष्ट बनवायला पाच-सहा टीम लागतात. प्रत्येक टीम आपला तुकडा बनवते. ते तुकडे ठरल्या वेळी एकमेकांत बसावेत, एकीचं काम दुसरीसाठी खोळंबू नये, कुणाचं काय बिनसलंय ते वेळेत कळावं, हे बघणं माझं काम. यातला एकही माणूस माझ्या हाताखाली नाही. कुणाची रजा मी मंजूर करत नाही, कुणाला बढती देत नाही. मी फक्त विचारते, आठवण करते, दोन रुसलेल्यांना एका कॉलवर आणते आणि ‘होतंय, होतंय’ म्हणणाऱ्याच्या आवाजावरून ओळखते की होत नाहीये.

इथवर मी ठरवून आले नाही. बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघाले ती पुण्यात टेस्टिंगला लागले. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा भाषेत कळवायच्या. मग काही वर्षं स्वतः कोड लिहिला. तो बरा होता. त्याची कुणी आरती ओवाळली नाही आणि कुणी शिव्याही घातल्या नाहीत. एक दिवस माझे तेव्हाचे साहेब म्हणाले, ‘तुम्हाला लोकांशी बोलता येतं.’ हे कौतुक होतं की कोड आता पुरे असं सुचवणं होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पण त्या वाक्यानं माझी वाट वळली. आधी एका टीमची कामं जुळवायची, मग तीन टीमची, मग वेगवेगळ्या देशांतल्या टीमची. नावापुढचा हुद्दा लांब होत गेला आणि हातात दाखवण्यासारखी वस्तू कमी होत गेली. इंजिनिअर म्हणतात, ही आता इंजिनिअर राहिली नाही. मॅनेजर म्हणतात, हिच्याकडं टीम कुठाय? ना इकडची ना तिकडची. तरी मला हे काम आवडलं, अगदी मनापासून आवडलं, आणि का आवडलं ते कळायला मला बराच काळ लागला.

तात्या कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसिअर होते. आमच्या गटातला कुठला ऊस कधी तुटणार, तोडकऱ्यांची कुठली टोळी कुणाच्या फडात जाणार, गाड्या कुठून निघणार, हे जुळवणं त्यांचं काम. टोळी मुकादमाची, गाड्या गाडीवानांच्या, ऊस शेतकऱ्याचा, आणि शेतकरी तर कारखान्याचा सभासद, म्हणजे मालकच. तात्यांच्या हाताखाली कोण? कुणी नाही. त्यांच्याकडं एक मोटरसायकल होती, डोक्याला बांधायला उपरणं होतं आणि बांधावर बसून राहायची ताकद होती.

त्यांची एक पद्धत होती. ज्या कामाला जायचं, त्या कामाचं आधी बोलायचंच नाही. बांधावर बसायचं, म्हशीची चौकशी करायची, लेकीच्या सासरचं विचारायचं, चहा आला तर घ्यायचा. मग उठता उठता, उपरणं झटकताना, सहज आठवल्यासारखं म्हणायचं, ‘व्हय, ती सोमवारची गाडी तुमच्या वाटंनं काढतो, काय?’ समोरचा तोवर इतका सैल झालेला असायचा, की त्याच्या तोंडून ‘न्हाय’ निघायचं नाही. मी कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या माणसांशी हेच करत आले आहे. फक्त म्हशीच्या जागी त्यांचा कुत्रा असतो.

मला आठवतो तो हंगाम मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असतानाचा. हंगाम ऐन भरात असताना तात्यांची मोटरसायकल कालव्याच्या ओल्या रस्त्यावर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. बारामतीच्या एका दवाखान्यात त्यांना पायाला वजन लटकवून निजवून ठेवलं. कूस बदलायची सोय नव्हती. मी कॉलेज सुटलं की तिथं जायचे. दवाखान्याच्या खिडकीतून मोठा रस्ता दिसायचा आणि त्यावरून उसाच्या गाड्या जायच्या. तात्यांना त्या दिसायच्या नाहीत, ऐकू यायच्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून ते ओळखू बघायचे, कुणाची गाडी, कुठल्या फडातली. मग म्हणायचे, ‘ह्या येळंला ही गाडी हितं कशी? वैजू, बघ गं खाली.’ मी वाकून बघायचे. मला कुठली गाडी कुणाची ते काय कळणार!

आणि मग माणसं भेटायला यायला लागली. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाण्याची एक रीत आहे. हातात नारळ किंवा बिस्किटाचा पुडा, बसताना एक सुस्कारा, आणि मग आजाऱ्याच्या जिवाला घोर लागू नये म्हणून त्याच्या मागचं सगळं कसं सुरळीत चाललंय ते सांगायचं. जितकी माया जास्त, तितकं हे जोरात सांगायचं. सगळ्यांचीच तात्यांवर माया होती.

‘तात्या, तुमी निवांत पडा. तुमच्याबिगर काय बी अडलं न्हाय.’

‘ते नवं पोरगं आलंय तुमच्या जागंवर, लई हुशार हाय. टोळ्या टायमात, गाड्या टायमात.’

‘समदं झ्याक चाललंय बघा. तुमी आता घाईच करू नगा.’

तात्या हसून हात जोडायचे. पाहुणा गेला, की भिंतीकडं बघत पडायचे. आधी त्यांनी गाड्यांची चौकशी बंद केली, मग घुंगरं ऐकू आली तरी कान द्यायचं बंद केलं. मग जेवण कमी झालं. आई कोऱ्हाळ्याहून डबा आणायची, तो उघडून तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, हाड जुळतंय, पण पेशंटनं मनावर घेतलं पाहिजे. तात्या मनावर घेईनात. एका दुपारी मला म्हणाले, ‘वीस वर्सं मी पळत व्हतो गं. कशापायी पळत व्हतो?’ मी डब्याचं झाकण लावलं आणि खाली जाऊन पायरीवर बसून रडले.

आणि खरं सांगायचं तर काही अडलंही नव्हतं. पुढं मी मुद्दाम विचारून पाहिलं, कुठं काही बिघडलं होतं का, कुणाचा ऊस मागं राहिला होता का. दोन भावांची वाटेवरून बाचाबाची झाली होती म्हणे, पण ती त्यांची दर साली व्हायची. कारखाना चालला, ऊस गेला, हंगाम संपला. ही गोष्ट मला तेव्हाही पचली नाही आणि आजही पचत नाही.

त्यातून तात्या उठले ते बाबूराव मुकादमामुळं. बाबूराव बीडकडचा, दर हंगामाला टोळी घेऊन यायचा. एक दिवस तो दवाखान्यात आला. अंगाला पाचटाचा वास, पायाला फडातली माती तशीच, हातात ना नारळ ना पुडा. तो बसलाही नाही.

‘तात्या, अडलंय,’ तो म्हणाला. ‘दिनकररावांनी बांधावर बाभळी आडव्या टाकल्यात. वाट देत न्हाईत. टोळी बसून हाय. तुमी बोलल्याबिगर गाडी हलत न्हाय.’

दिनकरराव म्हणजे आमच्याच भावकीतले, तात्यांचे चुलतभाऊ. तात्यांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी मी त्यांचे डोळे नीट उघडलेले बघितले.

‘नव्या पोराला धाडला व्हता का?’

‘धाडला व्हता. त्यानं वाटंचंच काढलं पयलं.’

‘तितंच चुकलं!’ तात्या दोन्ही हात गादीवर दाबून उठायला बघत होते. ‘दिनकरला वाटंचं बोलायचं न्हाय. आधी म्हस कशी हाय ते इचारायचं. पायाला लागलं व्हतं तिच्या. बस हितं, सांगतो तुला.’ आणि अर्धा तास त्यांनी बाबूरावला सांगितलं, कुणी जायचं, कधी जायचं, काय बोलायचं, काय बोलायचं नाही. बाबूराव ‘व्हय, व्हय’ करत राहिला. तो गेल्यावर तात्या मला म्हणाले, ‘डबा उघड.’

त्यानंतर बाबूराव दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी अडलेलं घेऊन यायचा. तात्या चिडायचे, शिव्या द्यायचे आणि जेवायचे. हंगाम संपायच्या आत ते काठी टेकत घरी आले.

हे सगळं आईनं जुळवलं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आईचं माहेर भिगवणजवळचं डाळज. एका थंडीत आम्ही दोघी तिथं गेलो होतो. धरणाच्या पाण्यावर पक्षी उतरले होते, आणि आई पाण्याकडं पाठ करून पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. पक्षी तिनं जन्मभर बघितले होते. तिथं तिनं मला सहज सांगितलं. ती कधी कारखान्याच्या फाटकात गेलेली नव्हती, पण त्या वेळी एकटी कोप्यांवर गेली. बाबूरावला म्हणाली, ‘तुमी जाऊन अडलंय म्हणून सांगा.’ मग दिनकररावांकडं गेली आणि म्हणाली, ‘कुणी इचारलं तर तुमी वाट अडवलीया.’ दिनकरराव म्हणाले, ‘बरं, वैनी. अडवली.’

‘तुझ्या बापाला कदी कळू देऊ नगंस,’ आई म्हणाली. ‘मानी माणूस हाय. त्यास्नी वाटतंय, त्या साली त्यांनीच गाडी हलवली.’

मी शब्द दिला. आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. शब्द मी पाळला.

यंदाच्या दिवाळीनंतर आमच्या कंपनीत नवे साहेब आले. माणूस वाईट नाही. त्यांनी आमच्यासारख्या सगळ्यांना एकेकटं बोलायला बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला. ‘तुम्ही उद्यापासून नसलात, तर नेमकं काय अडेल?’

मी माडीवर बसले होते. खालून ट्रॅक्टर गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार केलं होतं. उन्हाळ्यात दोन टीम एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या, ते मी कसं ओळखलं. एक मोठं काम ऐन वेळी कसं कोसळलं असतं. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी सांगतेय ते सगळं न घडलेलं आहे. जे बिघडलं नाही ते दाखवायचं कसं? साहेब शांतपणे ऐकत होते. आणि माझ्या डोळ्यांपुढं तो दवाखाना आला, त्या खिडकीखालून सुरळीत चाललेल्या गाड्या आल्या. मी बोलायची थांबले. म्हटलं, ‘खरं सांगायचं तर कदाचित काहीच अडणार नाही.’

ते म्हणाले, प्रामाणिकपणाबद्दल आभार.

त्यानंतर लवकरच कळवण्यात आलं, की या तिमाहीनंतर माझं पद राहणार नाही. कामं टीमच आपसांत जुळवतील, थोडं नवीन सॉफ्टवेअर जुळवेल. मी काम सोपवायला सुरुवात केली. टीममधली सगळी चांगली मुलं आहेत. माझ्या हाताखालची नव्हेत, पण माझीच म्हणावीत अशी. शेवटी शेवटी एकजण अगदी कळवळून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. तुमच्याशिवाय इथं काही अडणार नाही.’ त्याची माझ्यावर माया आहे. मी हसून हात जोडले. लॅपटॉप बंद केला आणि भिंतीकडं बघत बसले. आणि आपण भिंतीकडं बघत बसलोय हे कळलं, तेव्हा मला भीती वाटली. बेचाळिसाव्या वर्षी माणसानं परत कोड लिहायला शिकायचं, की दुसऱ्या दारात जाऊन तेच न दाखवता येणारं काम सांगायचं? मला खरंच कळत नव्हतं. आजही कळत नाही.

तात्यांना मी सांगितलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी चहा अर्धा टाकून माडीवर पळणारी मुलगी ओट्यावर चहा संपवून बसून राहायला लागली, हे त्यांना दिसत होतं. ताटात काय उरतं तेही दिसत असणार.

‘वर जायाचं न्हाय?’ एक दिवस त्यांनी विचारलं.

‘न्हाय तात्या. काम गेलं.’

‘मागं कोण बघतंय?’

‘कुणी न्हाय. चाललंय त्यांचं. काय अडलं न्हाय.’

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. पाठीवर हात ठेवला नाही, धीर दिला नाही, दुसरं काम मिळेल असंही म्हणाले नाहीत. ‘हं,’ एवढंच म्हणाले आणि चिमणीच्या धुराकडं बघत राहिले.

दोन दिवसांनी सकाळी संतोष, माझा धाकटा भाऊ, शेतातून परत आला. आमच्या उसाला तोड आली होती. तो दारातूनच म्हणाला, ‘ताई, घोळ झालाय. दिनकरआबांनी बांधावर बाभळी टाकल्यात. ट्रॅक्टर जाऊ देईनात. मी बोललो, ऐकत न्हाईत.’ बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता, खुंटीवरच्या टोपीकडं बघत होता.

‘मग तात्यांना...’

‘माजं गुडघं चालत्यात व्हय तितवर?’ तात्या आतून ओरडले. ‘तूच जा. तू बोलल्याबिगर गाडी हलायची न्हाय.’

मी चप्पल घातली. खरं तर मला राग आला होता. आपलं एवढं चाललंय, त्यात भावकीची भांडणं निस्तरायची! पण पायवाटेनं जाता जाता डोकं आपोआप कामाला लागलं. आबा का अडले असतील? गेल्या साली त्यांच्या हरभऱ्यावरून चाक गेलं होतं का? आधी कुणाशी बोलावं? पाटाचं पाणी ओलांडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत मी इतकं झपाझप चालले नव्हते.

दिनकरआबा बांधावर बसले होते. खूप थकलेत आता. समोर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. ताज्या तोडलेल्या, पानं अजून टवटवीत. मी जवळ गेले. फांद्यांच्या खालून ट्रॅक्टरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या गेल्या होत्या, अगदी सकाळच्या, ओल्या. पलीकडं आमच्या फडातून कोयत्यांचे आवाज येत होते. गाडी केव्हाच आत गेली होती. फांद्या तिच्यामागून टाकल्या होत्या.

मी तिथंच उभी राहिले. ‘तू बोलल्याबिगर गाडी हलायची न्हाय.’ बाबूरावचंच वाक्य, आणि आईचाच बनाव. आई गेली. मी कुणाला बोलले नव्हते. म्हणजे तात्यांना ठाऊक होतं. तेव्हाच कळलं होतं की पुढं कधीतरी, कुणास ठाऊक. पण त्यांना ठाऊक होतं, आणि आईला जन्मभर वाटू दिलं होतं, की त्यांना कळलेलं नाही. कदाचित वाट अडलेली नव्हती हे माहीत असूनच माझा बाप उठून बसला होता आणि जेवला होता.

डोळे भरून आले. ते आबांना दिसू नयेत म्हणून मी फडाकडं बघत राहिले.

‘आलीस?’ आबा घसा खाकरत म्हणाले. चेहरा अगदी गंभीर. ‘अडलंय बघ, बाई. मी काय वाट देत नसतो.’

मी पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्या शेजारी बांधावर बसले.

‘ते असू द्या, आबा,’ मी म्हटलं. ‘म्हस कशी हाय?’